डॉक्टरांना विचारायचे कसे?



जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून दर वर्षी 17 सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळते. 2023 साली या दिवसाचा विषय होता रुग्णांचा सहभाग. उपचाराचे निर्णय होतात तेव्हा रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे म्हणणे ऐकले जावे, असा त्याचा थोडक्यात अर्थ. वाचायला सोपे आहे. परंतु सहभागी होणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे आणि ती शिकवायची कोणी, याचे उत्तर तितके सोपे नाही. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर लांबच लांब रांग असते. आपला नंबर येईपर्यंत निम्मे प्रश्न विसरलेले असतात आणि उरलेले विचारायला संकोच वाटतो.

शाळेच्या वार्तापत्रात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या टेबलावरच्या रजेच्या अर्जांत आहे. "आजीला डॉक्टरांकडे न्यायचे आहे", "आजोबांची तपासणी आहे, बाबा नोकरीवर गेले आहेत" असे अर्ज वर्षभर येतात. आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर जाते, फॉर्म भरते, पर्चा वाचते, डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन सांगते. म्हणजे घराचा दुभाषा आपल्या वर्गात बसलेला आहे. त्याला लसावि-मसावि शिकवणे आपले काम आहे, तसे हेही आहे, असे आम्हास वाटते.

संमती या शब्दाची किंमत काय, हे समजण्यासाठी फार दूर जायला नको. लालबागेहून रिक्षाने थोड्याच वेळात पोहोचता येते त्या आपल्या एम. वाय. रुग्णालयाशी जोडलेली एक हकिकत देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिच्यामुळे सगळ्या भारताचे नियम बदलले. आजच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना ती ठाऊक नसावी.

नवे औषध बाजारात येण्यापूर्वी माणसांवर त्याची चाचणी घ्यावी लागते. त्यात गैर काही नाही. चाचण्या झाल्या नसत्या तर आज आपल्या हाती लसीही नसत्या. मात्र ज्याच्यावर चाचणी होणार त्याला ते माहीत पाहिजे, त्याने समजून होकार दिला पाहिजे आणि नको वाटल्यास मध्येच बाहेर पडण्याची मोकळीक त्याला असली पाहिजे. 2010 च्या सुमारास इंदूरमध्ये प्रश्न उभा राहिला तो इथेच. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न रुग्णालयांत काही वर्षांत 70 हून अधिक चाचण्या झाल्या, त्यांत 3000 हून अधिक रुग्ण सामील होते आणि अर्ध्याहून जास्त लहान मुले होती, असे नोंदींतून पुढे आले. अनेक कुटुंबांचे म्हणणे होते की आपला रुग्ण चाचणीत आहे हेच आपल्याला कळले नव्हते. चांगले औषध फुकट मिळते आहे, नशीब उघडले, अशी त्यांची समजूत होती. सही किंवा अंगठा मात्र कागदावर होता. संबंधित डॉक्टरांनी आरोप नाकारले आणि संमती नियमानुसारच घेतली असे सांगितले. राज्य शासनाने 2012 च्या आरंभी काही डॉक्टरांना प्रत्येकी 5000 रुपये दंड केला. त्याच वर्षी इंदूरच्या 'स्वास्थ्य अधिकार मंच' या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. जानेवारी 2013 मध्ये न्यायालयाने शासनाला कडक शब्दांत सुनावले आणि नव्या औषधांच्या चाचण्या केंद्रीय आरोग्य सचिवांच्या देखरेखीखाली व्हाव्यात असा आदेश दिला.

पुढे नियम एकामागून एक आले. चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई, नीतिविषयक समितीची नोंदणी बंधनकारक, आणि 2013 च्या अखेरीस आणखी एक मोठी गोष्ट: संमती घेतानाचे संभाषण आवाजासह चित्रित करणे. 2015 मध्ये या शेवटच्या नियमाची व्याप्ती कमी केली गेली आणि पूर्णतः नवीन रसायनाच्या चाचणीत दुर्बल गटातील व्यक्ती असतील तेव्हाच चित्रीकरण सक्तीचे राहिले. मार्च 2019 पासून हे सर्व एका नव्या नियमावलीत आले आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या बाजूने एक तटस्थ साक्षीदार हजर पाहिजे, हेही त्यात आहे.

आम्हाला या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचार करायला लावते. कागद होता, सही होती, तरी न्यायालयात जावे लागले. कारण सही करणारा काय समजला होता, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. चित्रीकरणाचा नियम आला तो यासाठीच. त्या मुलांच्या आईवडिलांनी "हे औषध नेहमीचे आहे की नवे?" एवढे विचारले असते तर? पण ते विचारायचे असते, हे त्यांना कोणी शिकवले होते?

मुलांसाठी एक विशेष माहिती. 18 वर्षांखालील व्यक्तीसाठी संमती पालक देतात, पण मुलाला विचारायचेच नाही असा त्याचा अर्थ नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनात 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. आईवडिलांची सही वेगळी, मुलाचा होकार वेगळा. सातव्या वर्षापासून तुमच्या 'हो'ला किंमत आहे, हे सहावी-सातवीच्या मुलांना सांगितले तेव्हा वर्गात बराच वेळ कुजबुज चालली होती.

दुसरा दाखला दिल्लीचा आहे आणि तो घरच्यांविषयी आहे. 1995 च्या मे महिन्यात 44 वर्षांची एक अविवाहित महिला एका खासगी दवाखान्यात तपासणीसाठी गेली. दुर्बिणीतून आत पाहून निदान करायचे, एवढ्यासाठी तिला भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून संमती घेतली गेली आणि तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. शुद्धीवर आल्यावर तिला हे कळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 16 जानेवारी 2008 रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान आहे, विचार करण्यास समर्थ आहे, थोड्या वेळात शुद्धीवर येणार आहे आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका नाही, अशा वेळी आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे शुल्क घेता येणार नाही आणि 25,000 रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. रक्कम फार मोठी नाही. मात्र संमती घेण्यापूर्वी काय काय सांगितले पाहिजे, ते या निकालाने लिहून दिले: उपचार कोणता, कशासाठी, त्याचा फायदा किती, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार न केल्यास काय होईल. डॉक्टर सांगतील तेव्हा सांगतील, आपण हेच विचारायला शिकलो तर निम्मे काम झाले.

हा निकाल आम्ही मुद्दाम मांडला, कारण आपल्या समाजातील कुटुंबपद्धती प्रेमळ आहे आणि त्या प्रेमातच ही चूक दडलेली असते. सुनेच्या शस्त्रक्रियेचा कागद सासरे वाचतात, सही मुलगा करतो, आणि पोट जिचे कापले जाणार ती पलंगावर पडून छताकडे बघत असते. आजोबांना कर्करोग झाला आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असते, फक्त आजोबांना नसते. "त्यांना सहन होणार नाही" असे आपण म्हणतो. कधी कधी ते खरेही असते. पण ते ठरवण्याआधी आजोबांना एवढे तरी विचारावे की, "तब्येतीबद्दल सगळे तुम्हाला सांगितलेले आवडेल, की आम्ही बघून घ्यावे?" ज्यांनी आयुष्यभर नोकरी केली, घर बांधले, मुलींची लग्ने लावली, ते या प्रश्नाचे उत्तर नक्की देऊ शकतात. कोणी म्हणेल "तुम्हीच बघा", कोणी म्हणेल "मला सगळे सांगा". दोन्ही उत्तरे त्यांची असतील.

आता भाषेविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ही अडचण पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला येत नाही, आपल्याला येते. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून या दोन भाषांमधली ये-जा आम्हाला चांगली माहीत आहे. आपल्या घरातील वयस्क मंडळी बाहेर हिंदी छान बोलतात. भाजीवाल्याशी, बँकेत, शेजारी कुठेच अडत नाही. परंतु दुखणे मात्र मराठीतच दुखते.

वेदनेसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा. दाढेचा ठणका वेगळा. पोटात कळ येते ती थांबून थांबून येते. पाठीत चमक निघते ती क्षणात जाते. जखम चुरचुरते, तळपायांची भगभग होते, हातापायांना मुंग्या येतात, अंग कसकसते, सांधे ठसठसतात, डोके जड होते. गरगरणे, चक्कर येणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे या तीन निराळ्या तक्रारी आहेत आणि डॉक्टरांच्या दृष्टीने त्यांची कारणेही निराळी असू शकतात. आजी म्हणते, "उठताना अंधारी येते." बरोबर गेलेला नातू सांगतो, "चक्कर आते हैं." उठतानाच येते ही गोष्ट गळली. ती रक्तदाब एकदम उतरण्याची खूण असू शकते आणि रक्तदाबाच्या गोळीच्या मात्रेचा विचार डॉक्टरांनी त्यावरूनच केला असता. आजी म्हणते, "पायांची भगभग होते", नातू सांगतो, "पैर में दर्द है." मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांची आग होणे आणि पाय दुखणे यांत किती अंतर आहे, हे डॉक्टरांना सांगावे लागत नाही. पण त्यांच्यापर्यंत आगच पोहोचली नाही.

सर्वांत अवघड वाक्य म्हणजे "मला कसंतरी होतंय." याचे हिंदी भाषांतर आमच्या पाहण्यात तरी "घबराहट हो रही है" असे होते, आणि घबराहट म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात भीती, टेन्शन असे काही येते. वास्तविक हृदयविकाराचा झटका प्रत्येक वेळी छातीत जोरदार कळ घेऊन येत नाही. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तो मळमळ, घाम, धाप, एकदम गळून जाणे अशा रूपात येऊ शकतो. आजीचे 'कसंतरी' हे तेच असू शकते. म्हणून मुलांना आम्ही सांगतो की, आजीचा शब्द बदलू नका. तोच शब्द आधी म्हणा, मग हिंदीत समजावून सांगा: केव्हा होते, किती वेळ राहते, काय केल्याने वाढते, काय केल्याने थांबते. इंदूरचे पुष्कळ डॉक्टर मराठी समजतात. त्यांना 'ठणका' कळतो.

नववीच्या वर्गात आम्ही एक तास हा अभ्यास करून घेतला. एक मुलगी आजी झाली, एक मुलगा नातू, एक डॉक्टर. आजी मराठीतून सांगेल, नातू हिंदीतून सांगेल, डॉक्टर लिहून घेतील आणि शेवटी आजीला वाचून दाखवतील. पहिल्या तीन गटांत आजीने सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी दोनच कागदावर उतरल्या. मुले खूप हसली. चौथ्या गटापासून हसणे कमी झाले आणि नातू आजीला उलट विचारू लागले, "म्हणजे नक्की कसं गं आजी?"

विचारण्याची ही सवय लावण्याचे प्रयत्न जगात ठिकठिकाणी झाले आहेत. अमेरिकेत 2003 पासून रुग्णांना तीनच प्रश्न शिकवण्याची एक मोहीम आहे. माझा मुख्य आजार काय? मला काय करायचे आहे? ते करणे का महत्त्वाचे आहे? एवढेच. तिसरीच्या मुलालाही पाठ होतील असे. यांत आपण दिल्लीच्या निकालातील दोन प्रश्न जोडावेत: दुसरा मार्ग कोणता? आणि काहीच केले नाही, किंवा थोडे थांबलो, तर काय होईल? शेवटी डॉक्टरांना म्हणावे, "मला काय समजले ते मी सांगून बघतो, चुकले तर सांगा." शिक्षक फळ्यासमोर उभे करून हेच करवून घेतात. ज्याला उलट सांगता आले त्याला समजले. असे बोलल्याने डॉक्टर रागावतात, अशी भीती पालकांच्या बोलण्यात येते. उद्धटपणे विचारले तर कोणीही रागावेल. "डॉक्टरसाहेब, एक शंका होती" असे म्हणून विचारले आणि प्रश्न कागदावर आधी लिहून नेले, तर डॉक्टरांचाही वेळ वाचतो.

निर्णय दोघांनी मिळून का घ्यायचा, याचे कारण साधे आहे. आजाराची माहिती डॉक्टरांकडे असते, आयुष्याची माहिती रुग्णाकडे. गुडघ्याचे उदाहरण घ्या, कारण लालबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींमध्ये क्रिकेटनंतर सर्वाधिक चर्चा गुडघ्यांचीच असते. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे, कित्येकांचे दुखणे तिने गेले आहे. पण त्यानंतर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे सहसा टाळायला सांगतात. ज्या आजी रोज पाटावर बसून तासभर पूजा करतात त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. एखाद्या आजी म्हणतील, "देव टेबलावर ठेवीन, पण जिना चढता आला पाहिजे." दुसऱ्या म्हणतील, "वजन कमी करते, व्यायाम करते, अजून दोन वर्षे बघू." गुडघ्याचा प्रश्न तातडीचा नसतो, तेव्हा दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. मात्र पाटाची गोष्ट डॉक्टरांना कोणी सांगितलीच नाही तर ते त्याचा विचार कसा करणार? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणते भिंग घालायचे, हेही असेच आहे. दिवसभर पोथी वाचणाऱ्याची गरज वेगळी, रात्री गाडी चालवणाऱ्याची वेगळी.

पर्याय सोप्या भाषेत मांडणाऱ्या पुस्तिका, चित्रे, तक्ते रुग्णाला आधी दिले तर काय होते, याचा अभ्यास झालेला आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 105 अभ्यास व 31,000 हून अधिक माणसे होती. ज्यांना अशी साधने मिळाली त्यांना आजाराची माहिती जास्त होती, धोक्याचा अंदाज अधिक बरोबर होता आणि आपल्याला काय महत्त्वाचे वाटते हेही त्यांना स्पष्टपणे सांगता येत होते.

धोक्याचा अंदाज म्हटल्यावर गणिताचा तास आठवतो. "या गोळीने धोका निम्मा होतो" असे ऐकले की गोळी घ्यावीशी वाटते. पण निम्मा म्हणजे कशाचा? समजा, 1000 माणसांत 2 जणांना आजार होत होता आणि गोळीने तो 1 वर आला, तर धोका निम्मा झाला. 100 माणसांत 20 चे 10 झाले, तरीही निम्माच झाला. पहिल्या ठिकाणी 1000 माणसांनी गोळी घेतल्यावर एक वाचला, दुसऱ्या ठिकाणी 100. शेकडेवारी शिकलेल्या मुलाने घरी एवढे विचारावे, "किती जणांत किती?"

ज्यांना कोणी अडाणी म्हणेल त्यांना हे जमेल का, असा प्रश्न येतो. याला महाराष्ट्राने उत्तर दिलेले आहे. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या स्त्रियांनाच, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकवले. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांसाठी जे केले ते तर जगाने उचलले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातील स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्यांनी आया व आज्यांना बाळाचे धोक्याचे लक्षण ओळखायला शिकवले, बाळाचे वजन, श्वास, ताप पाहिला आणि गरज पडल्यास न्यूमोनिया व जंतुसंसर्गावर घरीच उपचार केले. 39 गावांमधला हा अनुभव 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुलनेच्या गावांपेक्षा तेथे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम देशभर नेला गेला. पूर्वी गडचिरोलीच्या आदिवासींना दवाखान्याची भीती वाटे, तेव्हा कसा दवाखाना हवा ते त्यांनाच विचारून, त्यांच्या वस्तीसारख्या झोपड्यांचा दवाखाना शोधग्राम येथे उभारला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. निर्णयात सहभाग म्हणतात तो असाही असतो.

शहरी रुग्णालयांतही बदल होत आहे. 'नूरा हेल्थ' ही संस्था वॉर्डात रुग्णाशेजारी तासन् तास रिकाम्या बसलेल्या नातेवाइकांना शिकवते. हात केव्हा व कसे धुवावेत, जखमेकडे काय बघावे, बाळाला छातीशी कसे धरावे, कोणते लक्षण दिसले की लगेच परत यावे, हे सर्व चित्रे व प्रात्यक्षिकांतून. कर्नाटकातून सुरू झालेले हे काम मध्यप्रदेश व महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांतही आले आहे. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, पालकसभेच्या दिवशी एक तास अशा प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवावा. समाजातील निवृत्त डॉक्टर व परिचारिका आपल्या हाकेला नक्की येतील.

हक्कांची माहितीही हवी, पण भांडण्यासाठी नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णांच्या 17 हक्कांची सनद तयार केली. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, खर्चाचा अंदाज आधी मिळणे, औषधे व तपासण्या कोठून घ्यायच्या हे स्वतः ठरवणे, स्त्री रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे, हे तिच्यात आहे. सनद हा कायदा नाही, हे लक्षात ठेवावे. मात्र तिच्यातील पुष्कळ गोष्टी इतर नियमांत आधीपासूनच आहेत. उदाहरणार्थ, 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने कागदपत्रे मागितली तर ती 72 तासांत द्यावी लागतात.

एका विषयावर बोलायला सगळेच कचरतात, म्हणून थोडक्यातच लिहितो. बरे होण्याची आशा नसताना यंत्रावर किती काळ ठेवायचे, याबद्दल आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली. ती पद्धत फार किचकट होती. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी केली गेली आणि आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद प्रमाणित करता येतो. अवयवदानाचेही असेच आहे. 2015 पासून इंदूरच्या रस्त्यांवर कितीतरी वेळा हरित मार्ग करून अवयव विमानतळापर्यंत पोहोचवले गेले आणि आपल्या शहराला त्याचा अभिमान आहे. पण त्या प्रत्येक मार्गाच्या सुरुवातीला एका घराने, दुःखाच्या सर्वांत वाईट घटकेत, होकार दिलेला असतो. घरात आधी बोलणे झाले असेल तर तो होकार किंवा नकार देणाऱ्यांचा भार हलका होतो. दिवाळीत सगळे जमतात तेव्हा फराळाच्या ताटावर हा विषय काढा, असे आम्ही म्हणणार नाही. पण एखाद्या निवांत दुपारी काढायला हरकत नाही.

आता कामाचे. सातवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या महिन्यात एक कोरे पान दिले जाईल. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीजवळ बसून, त्यांच्या परवानगीने, ते भरायचे आहे. वय, रक्तगट, कोणते आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी, पूर्वीच्या शस्त्रक्रिया व त्यांची वर्षे, आणि सध्याची औषधे: नाव, किती मिलिग्राम, केव्हा, कशासाठी. वैद्यांचे चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेला काढा हेही लिहायचे, कारण डॉक्टरांना नेमके तेच सांगायचे राहते. पानाच्या मागच्या बाजूला पुढच्या भेटीत विचारायचे तीन प्रश्न त्या व्यक्तीने स्वतः सांगायचे, मुलांनी आपल्या मनाने घालू नयेत. हे पान शाळेत जमा करायचे नाही आणि वर्गात वाचूनही दाखवायचे नाही. ती घरची खासगी गोष्ट आहे. फक्त पान पूर्ण झाले अशी त्या आजी-आजोबांची सही वर्गशिक्षकांच्या वहीत आणावी. भाषा कोणती, असे दोन-तीन मुलांनी विचारले. तक्रारी मराठीत, त्याखाली हिंदी अर्थ, आणि औषधांची नावे पाकिटावर जशी छापली आहेत तशीच, एकेक अक्षर बघून.